पाठीवरचे बिऱ्हाड आणि कुरजांचे गाव

आपल्या समाजात घराबाहेर पडण्याची कारणे ठरलेली आहेत. लग्नकार्य, दीक्षा वा प्रतिष्ठा महोत्सव, मालाची खरेदी आणि वर्षा-दोन वर्षांतून एखादी तीर्थयात्रा. या चारही प्रवासांत पेट्यांची संख्या माणसांच्या संख्येहून अधिक असते, गाडी दाराशी येते, मुक्कामी भोजनशाळा तयार असते. यात गैर काहीच नाही. नोकरीच्या ३६ वर्षांत मीही, मिळालेल्या रजेत, असाच हिंडलो. परंतु निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी एक निराळा प्रयोग करावयाचे ठरवले. पाठीवर मावेल तेवढेच सामान, रेल्वे आणि सरकारी बस हीच वाहने, आणि पाहावयाचे ते मुख्यत्वे पशुपक्षी. मी ६६ वर्षांचा, सौ. ६२ वर्षांची. चिरंजीवांनी पुण्याहून दूरध्वनी करून सांगितले, "बाबा, गाडी करून देतो, ड्रायव्हर देतो, पण या वयात पाठीवर ओझी नकोत." सौ.ने दोन्ही पिशव्या समोरच्या किराणा दुकानातील काट्यावर ठेवल्या. माझी सात किलो, तिची पाच किलो भरली. तेवढे ओझे तर आठवड्याच्या बाजारातून आणतो, असे म्हणून तिने विषय संपवला.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही निघालो ते मारवाडला. मारवाडच का, याला दोन कारणे होती. एक माझे, दुसरे तिचे.

माझे कारण कौटुंबिक. आमचे पणजोबा जोधपूरकडील एका खेड्यातून 'दिसावर'ला म्हणून निघाले आणि नगर जिल्ह्यात एका बाजारपेठेत कापडाचे दुकान थाटून राहिले. पणजीबाई मागे गावीच होत्या. त्यांना येथे आणावयास ११ वर्षे लागली. नगर, जालना, नाशिक, पुणे येथील आपल्या कित्येक घरांची कथा हीच आहे. मारवाडच्या लोकगीतांत एक कुरजां पक्षीण येते. थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या या पक्षिणीला घरी एकटी राहिलेली स्त्री बहीण मानते आणि परदेशी गेलेल्या पतीला निरोप पोहोचवण्याची विनवणी करते. माझी आजी हे गाणे गुणगुणत असे. पतीचा निरोप नेणारा पक्षी तो कोणता, हे मात्र मी कधी पाहिलेले नव्हते.

सौ.चे कारण याहून जुने. तिचे माहेर बार्शीचे, वडिलांची धान्याची आडत. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षी ते ज्वारीच्या वसुलीसाठी उत्तर सोलापूरच्या गावांकडे गेले असता नऊ-दहा वर्षांच्या लेकीला बरोबर घेऊन गेले होते. नान्नजच्या बाजूला माळावर गाडी थांबवून त्यांनी तिला एक पक्षी दाखवला. तिच्या शब्दांत, 'माणसासारखा चालणारा'. तो माळढोक. पुढे १९७९ साली त्याच माळांवर माळढोक अभयारण्य झाले; परंतु आज तेथे माळढोकाचे दर्शन ही वार्ता ठरावी अशी स्थिती आहे. लग्नानंतर माझ्या बदल्यांपायी १४ गावे पालटली. प्रत्येक गावी तिने गॅलरीतून दिसणाऱ्या पक्ष्यांची वही ठेवली, आणि त्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर माळढोकासाठी एक ओळ रिकामी सोडलेली असे. राजस्थानात तो अद्याप टिकून आहे, हे तिला ठाऊक होते.

जोधपूरला उतरल्यावर पहिला मुक्काम शहराबाहेर गुडा बिश्नोइयां या गावी केला. बिश्नोई समाज हा जांभोजींचा अनुयायी. पंधराव्या शतकात त्यांनी घालून दिलेल्या २९ नियमांवरून समाजाला हे नाव पडले. त्यांतील हिरवे झाड न तोडणे आणि जिवांवर दया करणे हे नियम तेथे आजही पाळले जातात. ज्या घरी आम्ही राहिलो, त्यांच्या शेताच्या कडेला सकाळी चहा घेत असता काळविटांचा एक कळप येऊन उभा राहिला. काळ्या पाठीचा, पिळदार शिंगांचा नर आमच्यापासून फार तर ३० पावलांवर. घरधनी गोठ्यातून बादली घेऊन बाहेर आले, त्यांच्या अंगावरून जात असल्यासारखे गेले, आणि कळपाने मानही वर केली नाही. मला मात्र उठण्याची सोय नव्हती. मी नुसता हललो, तर नराने कान टवकारले. सौ. हळूच म्हणाली, "अहो, ते कपडे ओळखतात. तुम्ही बँकेचे दिसता."

पिकाचे किती नुकसान होते, असे मी विचारले. त्यावर ते गृहस्थ म्हणाले की त्यांचा वाटा पेरतानाच सोडलेला असतो, मग नुकसान कसले? हे वाक्य पर्यटकांसाठी पाठ केलेले नसावे, कारण लगेच पुढे त्यांनी मोकाट कुत्र्यांबद्दल कडवट तक्रार केली. काळविटांची आणि चिंकारांची पाडसे कुत्रीच अधिक मारतात, असे त्यांचे म्हणणे पडले.

जवळच खेजडली हे गाव आहे. १७३० साली जोधपूर दरबाराच्या बांधकामासाठी चुना भाजावयास लाकूड हवे म्हणून खेजडीची झाडे तोडण्यास माणसे आली, तेव्हा अमृतादेवी आणि त्यांच्या मागोमाग एकूण ३६३ स्त्रीपुरुषांनी झाडांना मिठी मारून प्राण दिले. ही खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्याच शेंगा म्हणजे सांगरी. आपल्या लग्नांतील पंगतीत 'केर-सांगरी' म्हणून आवडीने वाढली जाते ती. आता बिकानेरकडील भागात सौर प्रकल्पांसाठी हीच खेजडी तोडली जात असल्याबद्दल बिश्नोई मंडळी आंदोलने करीत आहेत, हे आम्हाला येथेच प्रथम कळले. तेव्हा ते फारसे मनावर घेतले नाही. पुढे फलोदीला ते पुन्हा समोर आले.

जोधपूरहून जैसलमेरकडे जाणारी रेल्वे फलोदीवरून जाते. फलोदीचे नाव आपल्यातील अनेकांना एका वेगळ्याच बाजारामुळे ठाऊक असते. त्यात येथे शिरत नाही. मे २०१६ मध्ये ५१ अंश तापमान नोंदले गेले ते याच गावी. आम्ही उतरलो तेव्हा मात्र पहाटेच्या थंडीने बोटे वळत नव्हती. येथून चार-पाच किलोमीटरवर खिचन. लाल दगडांच्या, नाजूक जाळ्यांच्या हवेल्या, आणि त्यांतील बहुतेकांच्या दारांना कुलपे. आपल्याच ओसवाळ कुटुंबांच्या या वास्तू. मालक दूरदूरच्या शहरांत. वर्षातून एखाद्या वेळी कुलदेवतेला वा विवाहाला येणार. गावात माणसे कमी झाली आणि पाहुणे वाढले, असे म्हणावे लागेल. हे पाहुणे म्हणजे कुरजां, मराठीत कांड्या करकोचा.

रतनलाल मालू या जैन गृहस्थांचे नाव गावात आदराने घेतले जाते. परगावाहून ते गावी परतले आणि कबुतरांना दाणा घालण्याचे काम त्यांच्याकडे आले. कबुतरांबरोबर मोर, खारी, चिमण्या आल्या आणि एका हिवाळ्यात थोड्या कुरजांही उतरल्या. पतिपत्नींनी दाणा चालू ठेवला. दुसऱ्या वर्षी संख्या वाढली, तिसऱ्या वर्षी आणखी. कुत्री त्रास देऊ लागली तेव्हा गावाने जागा दिली, तिला कुंपण घातले, आणि 'चुग्गाघर' उभे राहिले. प्रारंभी काही डझन असलेले पक्षी आता थंडीच्या भरात २० हजारांवर जातात. मंगोलिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रदेशांतून, त्यांतील काही तर हिमालयाची शिखरे ओलांडून, दोन-अडीच किलो वजनाचा हा पक्षी सप्टेंबरच्या सुमारास येतो आणि मार्चपर्यंत राहतो.

सूर्योदयापूर्वी आम्ही चुग्गाघरासमोरील एका घराच्या गच्चीवर जाऊन बसलो. सव्वासातपर्यंत आकाश रिकामे होते. मग क्षितिजावर एक धुरकट रेघ उमटली, दुसरी उमटली आणि आवाज आला. तो आवाज लिहून दाखवणे कठीण आहे. शेकडो बैलगाड्यांच्या कोरड्या आसांचा एकाच वेळी व्हावा तसा काहीसा. थवे गावावर घिरट्या घालू लागले. पहिला पक्षी खाली उतरेपर्यंत एकही उतरत नाही. तो उतरला की मग धारच लागते. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागून निघालेला पांढऱ्या पिसांचा झुबका, सौ.ला त्या झुबक्यावरून जुन्या काळच्या मुनीमजींच्या कानावरची लेखणी आठवली. दीड तासात ते आवार राखाडी झाले, जमीन दिसेना. मी आयुष्यात नोटा मोजल्या, पण या मोजता आल्या नाहीत. माझी आजी ज्या पक्षिणीचे गाणे म्हणत होती ती समोर होती, आणि तिचे रूप आजीने कधी सांगितले नव्हते, कारण आजीचा जन्मच महाराष्ट्रातला. तिनेही ती पाहिलेली नव्हती. हे मला त्या गच्चीवर बसल्यावर प्रथम सुचले.

व्यापारी वाचकांसाठी थोडा तोंडी हिशेब. दहा हजार पक्षी आणि प्रत्येकी केवळ १०० ग्रॅम ज्वारी धरली तरी रोजचे दहा क्विंटल होतात. किलोला ३० रुपये धरले तर दिवसाचे ३० हजार, आणि हंगामाचे १५० दिवस मोजले तर ४५ लाख. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, संस्थेच्या ताळेबंदातील नव्हेत. पण यावरून या दानाची व्याप्ती ध्यानात यावी. हे सारे मुख्यत्वे गावच्या आणि गावाबाहेरच्या दात्यांच्या पावत्यांवर चालते. भिंतीवर दात्यांची नावे आहेत. कोणी वडिलांच्या पुण्यतिथीला एक दिवसाचा दाणा दिला आहे, कोणी नातवाच्या जन्मानिमित्त. नावे वाचता वाचता मला त्यांत महाराष्ट्रातील गावेही आढळली आणि मनाला बरे वाटले.

साडेनऊच्या सुमारास थवे उठले आणि गावाजवळच्या रातडी नाडी व विजयसागर या तलावांकडे गेले. तेथे ते पाणी पितात आणि बारीक खडे गिळतात. दाणे दळण्याचे त्यांचे जाते तेच. आम्हीही चालत मागोमाग गेलो. आणि तलावाच्या वाटेवर सौ. अचानक थांबली. उंच खांबावरून गेलेल्या विजेच्या तारेखाली एक कुरजां पडलेली होती. पंख अर्धा उघडा. एक शेळ्या राखणारा मुलगा म्हणाला, धुक्यात असे होते. त्याला त्यात नवल वाटले नाही.

पूर्वी गावालगतच्या तारांना धडकून असे पक्षी पुष्कळ मरत. त्या हटवाव्यात यासाठी ग्रामस्थांना न्यायालयापर्यंत जावे लागले. म्हणजे प्रश्न नवा नाही. पण त्याची व्याप्ती नवी आहे. फलोदीच्या वायव्येला भडला येथे २,२४५ मेगावॅटचा सौर उद्यान प्रकल्प आहे. जगातील मोठ्या प्रकल्पांत त्याची गणना होते. जेथे सूर्य वर्षभर तळपतो आणि जमीन स्वस्त आहे, तेथेच असे प्रकल्प होणार. आणि जेथे वीज होते, तेथून तारा निघणारच.

चुग्गाघराच्या कार्यालयात आम्ही एक दिवसाच्या दाण्यातील आमचा अल्पसा वाटा दिला. पावती फाडली जात असता सौ.ने तेथील गृहस्थांना विचारले, "भाईसाब, तारांसाठीही काही निधी आहे का? तारा जमिनीखाली घालायला?" ते हसले. म्हणाले, "बहनजी, दाण्याच्या नावाने सगळे देतात. तारांच्या नावाने अजून कोणी पावती फाडली नाही."

हे वाक्य पुढचे सारे दिवस आमच्या बरोबर राहिले.

माझी नोकरी कर्जविभागात झाली. वीजप्रकल्पांचे प्रस्ताव आमच्या टेबलावरून जात. जमिनीचा खर्च, यंत्रसामग्री, विजेचा दर, परतफेडीची क्षमता, तारण, विमा. रकान्यांना तोटा नसे. पक्ष्यासाठी रकाना नव्हता आणि तो कोणी मागितलाही नव्हता. सौरऊर्जा वाईट, असे माझे मुळीच मत नाही. कोळशाचा धूर कमी व्हावयाचा असेल तर सूर्याकडे वळणे भाग आहे. परंतु भूमिगत तार वरच्या तारेपेक्षा पुष्कळ महाग पडते, आणि हा वाढीव खर्च कोणी सोसावा हा प्रश्न उरतो. विजेचे प्रकल्प आणि पवनचक्क्या उभारणाऱ्या, त्यांत भांडवल गुंतवणाऱ्या, त्यांचे समभाग बाळगणाऱ्या मंडळींत आपली कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. तीच कुटुंबे दाण्याची पावतीही फाडतात. एका हाताने दाणा आणि दुसऱ्या हाताने तार, ही दोन्ही खाती एकाच वहीत आहेत. मात्र ती शेजारी शेजारी मांडून कोणी पाहत नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत 'या मार्गावर पक्ष्यांचा वावर आहे का, आणि तारांवर पक्षी-सूचक लावले का' एवढे दोन प्रश्न विचारावयास पैसा लागत नाही.

दाणा घालण्यालाही एक दुसरी बाजू आहे, तीही सांगणे योग्य. हजारो पक्षी एका आवारात दाटीने उतरले की रोगाला वाव मिळतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये जोधपूर जिल्ह्यातील कापरडा परिसरात (हो, आपले कापरडा तीर्थ तेच) बर्ड फ्लूने कुरजां मोठ्या संख्येने मेल्या होत्या. दाणा बंद करावा असे मी म्हणणार नाही. इतक्या पिढ्यांची सवय पक्ष्यांनाही लागली आहे. पण दात्याने पावतीबरोबर आवाराची स्वच्छता आणि पशुवैद्याची देखरेख यांचीही चौकशी करावी. आम्ही परतल्यावर काही महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, उदयपूरकडील मेनारसह खिचनचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत झाला. या मानाने तलावांकडे तरी लक्ष राहील, अशी आशा आहे.

जेवणाची चिंता वाचक भगिनींना वाटली असेल. मला उलटाच अनुभव आला. मारवाडची मूळ रसोई ही कांदा-बटाट्यावाचून चालणारी, कारण तेथे ते पिकत नव्हते. गट्टे, पापडाची भाजी, मंगोडी, केर-सांगरी, बाजरीची भाकरी. सारे वाळवणीचे आणि डाळीचे. फक्त ढाब्यावर आधी सांगावे लागते. आमच्या पिशवीत खाकरे, मेतकूट, भाजलेले चणे, गळणे आणि उकळलेल्या पाण्याचा थर्मास होता. चौविहाराचा तर वन्यजीव पाहताना फायदाच होतो. सहाच्या आत जेवण उरकले की संध्याकाळचा शेवटचा तास, जेव्हा प्राणी बाहेर पडतात, पूर्ण मोकळा मिळतो. इतर पर्यटक त्या वेळी हॉटेलात जेवणाची वाट पाहत असतात.

जैसलमेरच्या किल्ल्याविषयी आणि वाळूवरील उंटांच्या फेऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते सोडून देतो. आम्ही गेलो ते वाळवंट राष्ट्रीय उद्यानात. ३,१६२ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश, पण तेथे झाडांचे जंगल नाही. सेवण गवत, खुरटी झुडपे, मधूनच वस्ती आणि शेळ्यामेंढ्या. वनखात्याची परवानगी घेऊन सुदासरीच्या कुंपणापाशी आम्ही दोन दिवस काढले. पहिल्या दिवशी गिधाडे दिसली, एक वाळवंटी खोकड आपल्या बिळापाशी ऊन खात बसलेले दिसले, चिंकारे तर सतत. माळढोक नाही. सौ. काही बोलली नाही. रात्री तिने वहीत खोकडाची नोंद केली आणि लवकर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आमच्या बरोबरच्या वनरक्षकाने हात वर करून आम्हाला थांबवले. गवतात काहीही दिसत नव्हते. मग गवताचाच एक भाग चालू लागला. उंच, मातकट, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. तो घाईत नव्हता. एक पाऊल टाकायचे, थांबायचे, मान उंच करून पाहायचे, मग दुसरे. सहा-सात मिनिटे तो आमच्या दुर्बिणीत होता. १५ किलोपर्यंत भरणारा हा देह उडताना त्याला चटकन वळता येत नाही, आणि त्याच्या डोळ्यांची रचना अशी की समोरचे त्याला फार कमी दिसते. जमिनीवरच्या शत्रूसाठी ती दृष्टी उत्तम. आडव्या तारेसाठी निरुपयोगी. मादी सामान्यतः वर्षाकाठी एकच अंडे घालते. साऱ्या देशात मिळून आता दीडशेहून कमी उरले आहेत.

सौ.ने दुर्बीण माझ्या हाती दिली आणि म्हणाली, "तसाच आहे हो. तसाच चालतो." मग तिने पदराने दुर्बिणीच्या काचा पुसल्या. काचांवर धूळ नव्हती.

१९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या क्षेत्रातील तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला होता. तो फार विस्तृत क्षेत्रात व्यवहार्य नाही असे शासनाचे म्हणणे पडल्यावर २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. दुसरीकडे जैसलमेर जिल्ह्यात माळढोकांचे प्रजनन केंद्र चालते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्माला आल्याची वार्ता तेथे ताजी होती. वनरक्षक ती सांगताना घरातल्या बारशाची सांगावी तशी सांगत होता. पण केंद्रात वाढलेली पिल्ले कधीतरी माळावर सोडावयाची आहेत, आणि माळावर तारा आहेत. परतताना रस्त्याकडेच्या तारांवर मधून मधून गोल चकत्या लटकत होत्या, वाऱ्याने फिरत, चमकत. हेच ते पक्षी-सूचक. सौ.ने त्या मोजावयास घेतल्या. काही खांबांनंतर चकत्या संपल्या, तारा चालूच राहिल्या.

शेवटचे चार दिवस आम्ही गोडवाडात, जवाई बांध स्थानकाजवळ काढले. राणकपूर आणि पंचतीर्थीच्या निमित्ताने आपल्यातील बहुतेकांनी हा भाग पाहिलेला असतो. पण त्याच डोंगरांत बिबट्यांची वस्ती आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. वाटोळे, उघडे, ग्रॅनाइटचे डोंगर. त्यांत नैसर्गिक गुहा. गुहांजवळ देवीची ठाणी. आणि पायथ्याशी रबारी धनगरांच्या वाड्या. एका रबारी गृहस्थांबरोबर आम्ही संध्याकाळी त्यांच्या मेंढ्यांमागून चालत होतो. लाल पागोटे, पांढरा पोशाख, खांद्यावर आडवी काठी. त्यांनी काठीनेच समोरचा खडक दाखवला. मादी बिबट्या खडकावर पडून होती, शेपटीचे टोक तेवढे हलत होते. खाली ८०-९० मेंढ्या घंटा वाजवीत चालल्या होत्या. त्यांनी पावलांची गती वाढवली नाही की कमी केली नाही. आम्ही मात्र मेंढ्यांच्या मधोमध शिरलो होतो, हे नंतर ध्यानात आले.

मेंढी नेली तर काय करता, या प्रश्नावर ते म्हणाले की सरकार भरपाई देते, आणि नाही दिली तर देवाच्या नावाने गेली असे समजतो. येथे माणसावर हल्ला झाल्याचे ऐकिवात नाही, असेही सांगितले. आम्ही नगर जिल्ह्याची माणसे. संगमनेर, जुन्नर पट्ट्यात उसातला बिबट्या म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे. तेथे मुले गेली आहेत. म्हणून 'पाहा, रबारी कसे राहतात, आपल्यालाच जमत नाही' असा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. जवाईत बिबट्याला डोंगर आहे, लपावयास गुहा आहे, माणूस आणि तो यांच्यात उघडे अंतर आहे. उसात अंतरच नाही. घराच्या भिंतीला ऊस लागतो. रबाऱ्यांचे धैर्य खरे, पण भूगोलही त्यांच्या बाजूचा आहे. तो भूगोल आता रिसॉर्टांच्या भिंतींनी भरत चालला आहे. रात्री जीपगाड्या सर्चलाइट टाकीत खडकाखाली उभ्या राहतात. त्या मादीच्या तोंडावर प्रकाशाचा झोत पडताना आम्ही दुसऱ्या रात्री दुरून पाहिले. ती उठून गुहेत गेली.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही गोष्टी. एकोणीस दिवसांचा आम्हा उभयतांचा रेल्वे, बस, जीप, मुक्काम, भोजन मिळून खर्च ४१,३६० रुपये झाला. दुर्बीण घरचीच होती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कपडे मातीच्या रंगाचे असावेत, भडक शाल नको. वाळवंट उद्यानात परवानगीसाठी ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवाव्यात. गुडघे दुखणाऱ्यांनी हातकाठी न्यावी, पण गच्चीवर ती आपटू नये. खिचनला मुक्काम फलोदीत करण्यापेक्षा गावातच करावा आणि सकाळी सातच्या आत गच्चीवर असावे. दहानंतर तेथे कबुतरांखेरीज काही दिसत नाही.